उदाहरण पळतं, वेलांटी निसटते: स्वरलिपी आणि मजकूर एकाच पानावर बसवताना

तक्रार दर वेळी तीच असते, फक्त गाव बदलतं. कधी निपाणी, कधी खानापूर, कधी बेळगावातलंच शहापूर-वडगाव. गाण्याचे, पेटीचे किंवा कीबोर्डचे क्लास चालवणारे कुणीतरी सर किंवा मॅडम मजकुरात मधेमधे स्वरलिपीचे तुकडे, म्हणजे 'उदाहरणं', घातलेल्या पुस्तिकेची फाइल पाठवतात आणि खाली लिहितात, "कालपर्यंत नीट होतं. आज वरती एक ओळ वाढवली आणि सगळी उदाहरणं खाली गेली. दोन तर मजकुरावरच बसलीत. जरा बघा की." फाइल उघडली की पुढचंही ठरलेलं. पहिल्या उदाहरणातल्या पाच रेषा भल्यामोठ्या, दुसऱ्यातल्या बारीक, तिसऱ्यातल्या अंधूक. शब्दांतली वेलांटी शेजारच्या अक्षरावर. आणि कन्नड ओळीच्या जागी नुसते चौकोन.

ही दुखणी वेगवेगळी दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एका सवयीत आहे. नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उदाहरण ए-४ पानाच्या मापाने तयार होतं आणि मग वर्ड किंवा लिब्रे-ऑफिसच्या रायटरमध्ये कोपरा धरून, बसेल तेवढं ओढलं जातं. कोपरा ओढला की रेषांची जाडी, अक्षरांचा आकार, स्वरांमधलं अंतर सगळंच त्या ओढण्याच्या प्रमाणात बदलतं, आणि प्रत्येक उदाहरणाचं प्रमाण वेगळं. तेव्हा पहिला नियम: मजकुराच्या फाइलमध्ये गेल्यावर उदाहरणाचा आकार बदलायचा नाही. जे माप हवं ते उगमापाशीच.

माप

आपल्याकडे अशी पुस्तकं बहुधा डेमी १/८ आकारात निघतात, म्हणजे सुमारे १४० × २१६ मि.मी. दोन्हीकडचे समास सोडले की मजकुराला साधारण १०८ मि.मी. रुंदी उरते. तुमच्या पुस्तकाचा हा आकडा नक्की करा आणि मग नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये पानाचीच रुंदी तेवढी करून टाका. म्यूजस्कोअर हे नोटेशन सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'फॉरमॅट' मेन्यूतल्या पेज सेटिंग्जमध्ये रुंदी १०८, डावा-उजवा समास शून्य. वाद्याचं नाव काढून टाका, नाहीतर पहिली ओळ आत सरकते. आता सॉफ्टवेअरला जी ओळ दिसते तीच छापील ओळ.

यानंतर पाच रेषांची उंची. लिलीपॉण्ड या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरचं मूळ माप २० पॉइंट आहे, म्हणजे सुमारे ७ मि.मी. स्टँडवर ठेवून वाजवायच्या कागदाला ते ठीक, पण डेमी पुस्तकात ते अंगावर येतं. मजकुरात पेरलेल्या उदाहरणांना १४ ते १६ पॉइंट, म्हणजे साधारण ५ ते साडेपाच मि.मी. पुरतात. म्यूजस्कोअर हेच माप दोन रेषांमधल्या अंतरात मागतं. पाच रेषांत चार अंतरं, त्यामुळे ५ मि.मी. उंचीला १.२५ मि.मी. अंतर.

इथे एक खुबी आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ वेळ जातो. अंतर कमी केलं की गाण्याचे शब्दही आपोआप लहान होतात, कारण टेक्स्ट स्टाइलमध्ये 'स्टाफच्या (म्हणजे पाच रेषांच्या) आकाराप्रमाणे' अशी एक खूण आधीच लावलेली असते. स्टाइलमध्ये १० पॉइंट दिसतं, कागदावर सातच्या आसपास येतं. देवनागरीला सात पॉइंट म्हणजे अन्याय. उकार आणि रफार कुठले ते ओळखू येत नाहीत. गाण्याच्या शब्दांपुरती ती खूण काढा आणि आकार मजकुरापेक्षा एखादा पॉइंट कमी ठेवा. लय दाखवणारे आकडे, बोटांचे क्रमांक वगैरेंची खूण राहू दे. त्यांनी स्टाफबरोबर लहान होणंच बरं.

हे सगळं एकदा जमलं की 'सेव्ह स्टाइल' करून ती फाइल वेगळी ठेवा आणि प्रत्येक नव्या उदाहरणात 'लोड स्टाइल' करा. एका पुस्तकाला एकच स्टाइल फाइल. उद्या प्रेसवाले म्हणाले की आकार डेमी नको, क्राउन करू, तर स्टाइल बदलून सगळी उदाहरणं पुन्हा निर्यात करायची. कंटाळवाणं काम, पण एका बैठकीत होतं.

दोन-तीन मापांचं (माप म्हणजे इथे बार, दोन उभ्या रेघांमधला कप्पा) छोटं उदाहरण रबरासारखं ताणून पूर्ण ओळभर पसरतं, अशीही तक्रार येते. ती शेवटच्या ओळीच्या नियमाची करामत आहे. ओळ ठरावीक टक्क्यांहून जास्त भरली की म्यूजस्कोअर ती कडेपर्यंत ताणतं. स्टाइलमध्ये शेवटची ओळ किती भरल्यावर ताणायची याचा आकडा १०० टक्के करा, किंवा उदाहरणाच्या शेवटी एक आडवी रिकामी चौकट घाला.

पळणारी उदाहरणं

आता मजकुराच्या फाइलमध्ये. उदाहरण पळतं ते त्याच्या नांगरामुळे, म्हणजे अँकरमुळे. चित्र पानाला किंवा परिच्छेदाला बांधलेलं असेल आणि मजकूर त्याच्याभोवती वाहत असेल, तर वर एक ओळ वाढली की सगळी मांडणी पुन्हा होते. उपाय साधा आहे. उदाहरणाला स्वतःचा वेगळा परिच्छेद द्या आणि अँकर 'अ‍ॅज कॅरेक्टर' ठेवा. वर्डमध्ये हेच 'इन लाइन विथ टेक्स्ट'. मग उदाहरण हे एक मोठं अक्षर होतं; मजकूर जाईल तिकडे मुकाट्याने जातं, कुणाच्या अंगावर बसत नाही.

हे केल्यावर लगेच दुसरी बोंब येते: "उदाहरण गायब झालं, खालची नुसती एक पट्टी दिसते." ते गायब झालेलं नाही. परिच्छेदाचं ओळींतलं अंतर 'एक्झॅक्टली' किंवा 'फिक्स्ड' आहे. पंधरा पॉइंट उंचीच्या ओळीत पन्नास पॉइंटचं चित्र घातलं तर पंधरा पॉइंटच दिसणार. उदाहरणांसाठी वेगळी परिच्छेद स्टाइल करा. मी तिला सरळ 'उदाहरण' असंच नाव देतो. तीत अंतर 'सिंगल', वर-खाली सहा-सहा पॉइंट मोकळे, पहिल्या ओळीचा आत सरकलेला भाग शून्य.

उदाहरणाची ओळख करून देणारं वाक्य एका पानावर आणि उदाहरण पुढच्या पानावर, हे वाचणाऱ्याला फार खटकतं. विद्यार्थी पेटीवर दोन्ही हात ठेवून वाचत असतो; त्याला पान उलटायला लावू नका. त्या वाक्याच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' लावा. उदाहरणाखाली क्रमांकाची ओळ असेल तर उदाहरणालाही लावा. मात्र ही खूण सगळ्या मजकुराला लावत सुटलात तर पानंच्या पानं एकमेकांना बांधली जातात आणि खाली अर्धं पान पांढरं राहतं. ती खूण फक्त त्या एका वाक्याला, आणि खाली क्रमांक असेल तर उदाहरणाला.

चित्र फाइलमध्ये चिकटवण्यापेक्षा 'लिंक' म्हणून घालावं. उदाहरण सात मध्ये एक स्वर कोमल करायचा राहिला, तर नोटेशन फाइल दुरुस्त करून त्याच नावाने पुन्हा निर्यात केली की पुस्तकात आपोआप बदल येतो. फक्त पुस्तक दुसऱ्या संगणकावर नेताना उदाहरणांचं फोल्डर बरोबर न्यायचं.

अंधूक रेषा

या भागाचा हिशेब सरळ आहे. नोटेशनच्या बहुतेक नव्या फॉण्टांत रेषेची जाडी दोन रेषांतल्या अंतराच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढी असते. अंतर १.२५ मि.मी., म्हणजे रेषा सुमारे ०.१६ मि.मी. आता ९६ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ९६ ठिपक्यांच्या, चित्रात एक ठिपका ०.२६ मि.मी.चा असतो. रेषा ठिपक्यापेक्षा बारीक आहे. मग सॉफ्टवेअर कुठे काळा, कुठे राखाडी ठिपका देतं आणि पाचपैकी दोन रेषा जाड, तीन फिकट दिसतात. ६०० डीपीआयला ठिपका ०.०४२ मि.मी.चा, म्हणजे रेषेच्या जाडीत जवळपास चार ठिपके मावतात आणि छपाईत ती स्वच्छ उठते. तेव्हा पीएनजी, म्हणजे ठिपक्यांची चित्रफाइल, काढायची असेल तर ६००च्या खाली नको. फोटोसाठी जे ३०० पुरतात ते इथे कमी पडतात.

त्याहून चांगलं म्हणजे एसव्हीजी प्रकारची चित्रफाइल, कारण त्यात रेषा रेषाच राहतात, ठिपके नसतात. तिथे धोका वेगळा: फॉण्ट. स्वर, क्लेफ, विराम ही चिन्हं साधी अक्षरं नव्हेत. २०१३मध्ये सुरू झालेल्या स्मफल या मानकाप्रमाणे ती युनिकोडच्या खासगी भागात बसवलेली असतात. ब्राव्हुरा, लेलँड असे फॉण्ट ते मानक पाळतात. उघडणाऱ्याच्या संगणकावर तो फॉण्ट नसेल आणि फाइलमध्ये चिन्हं अक्षरं म्हणूनच राहिली असतील, तर पानावर चौकोन. इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडून सगळं निवडा आणि 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. आपल्या प्रेसमधली पोरं याला "कर्व्ह करून द्या" म्हणतात, तेच हे. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये शब्द दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून मूळ फाइल बाजूला ठेवूनच करा.

आणि उदाहरणं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. फोटो दाबून लहान केला जातो आणि रेषांभोवती घाण जमते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

शब्दांची फोड, आणि कन्नड ओळ

सीमाभागात काम करणाऱ्याला जो प्रश्न पुण्या-मुंबईकडच्यांना पडत नाही तो हा. एकाच भजनी मंडळात कुणी मराठी शाळेत शिकलेलं असतं, कुणी कन्नड माध्यमात. पोरांना अभंग तोंडपाठ असतो, पण वाचायला अक्षरं कन्नड लागतात. उलट दासपदं, म्हणजे कन्नड हरिदासांची पदं, शिकवताना कितीतरी बायका देवनागरीत लिहून मागतात. म्हणून पुस्तिकेत स्वरांखाली दोन ओळी: वर देवनागरी, खाली कन्नड.

म्यूजस्कोअरमध्ये यासाठी एक गोष्ट आयती मिळते आणि ती वापरणारे फार थोडे. गाण्याच्या शब्दांना दोन टेक्स्ट स्टाइल असतात, एक विषम ओळींना आणि एक सम ओळींना. विषमला देवनागरी फॉण्ट द्या, समला कन्नड. बस्स. नाहीतर देवनागरी फॉण्टात कन्नड अक्षरं नसतात, संगणक कुठला तरी पर्यायी फॉण्ट शोधून लावतो आणि तो दर संगणकावर वेगळा निघतो. लिलीपॉण्डमध्ये शब्दांची प्रत्येक ओळ स्वतंत्र असल्यामुळे तिला वेगळा फॉण्ट देता येतोच.

नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉण्टात टाइप केलेला कन्नड मजकूर तसाच चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. आधी युनिकोड करून घ्या. श्रीलिपीच्या जुन्या मराठी मजकुराचंही तेच.

कन्नड ओळ आली की दोन गोष्टी बिघडतात. कन्नड अक्षरं रुंद, त्यामुळे स्वर एकमेकांपासून लांब सरकतात आणि ओळीत चारऐवजी तीनच मापं मावतात. हे मान्य करा. अक्षरं दाबून चार बसवू नका. दुसरं म्हणजे ओत्तक्षरं. कन्नडमधलं जोडाक्षर खाली लोंबतं, वरच्या देवनागरी ओळीतले उकारही खाली येतात, आणि दोन ओळी एकमेकींत अडकतात. शब्दांच्या ओळींमधलं अंतर स्टाइलमधून वाढवा, पण हाताने एकेक शब्द खाली ओढू नका. हाताने ओढलेला शब्द पुढच्या दुरुस्तीला तसाच लोंबत राहतो.

फोडीबद्दल माझं मत पक्कं आहे: जोडाक्षर फोडायचं नाही. 'विठ्ठल' हा शब्द वि, ठ्ठ, ल असाच स्वरांखाली यावा. गाताना जोर 'विठ्' असा पडत असला तरी पाय मोडलेला ठ कागदावर दिसायला नको. 'ज्ञानेश्वर' म्हणजे ज्ञा, ने, श्व, र. देवनागरी आणि कन्नड दोन्हींत अक्षरांची संख्या तीच राहते, त्यामुळे एक ओळ नीट फोडली की दुसरी तिच्याच बोटाला धरून येते. फोनेटिक कीबोर्डने टाइप करणाऱ्यांची स्पेसच्या बटणावरून तारांबळ उडते. तेच बटण शब्द पक्का करायला लागतं आणि पुढच्या स्वरावर जायलाही. इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, वापरणाऱ्यांना हा त्रास नाही. न येणाऱ्यांनी शब्द आधी नोटपॅडमध्ये फोडून लिहावेत आणि एकेक अक्षर चिकटवत जावं.

वेलांटी निसटली असेल, म्हणजे 'वि'ची वेलांटी व च्या पुढे उभी राहिली असेल, तर फाइल अशा प्रोग्रॅममध्ये उघडली गेलीय की ज्याला देवनागरीची जुळणी कळत नाही. दोष उदाहरणाचा नव्हे. वर सांगितलं तसं कर्व्ह करून द्या.

बारीक नजरेच्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकते. मजकुरात मराठी वळणाचे ल आणि श, पण स्वरांखालच्या शब्दांत हिंदी वळणाचे. काही फॉण्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली की मराठी वळण येतं. नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती भाषा सांगायला जागाच सापडत नाही. अशा वेळी ज्याचं मूळ वळणच मराठी आहे असा फॉण्ट घ्या, उदाहरणार्थ टिरो देवनागरी मराठी, आणि मजकुरालाही तोच. लिब्रे-ऑफिसमध्ये फॉण्ट बदलूनही मराठी अक्षरं बदलत नसतील तर तुम्ही रोमन लिपीचा फॉण्ट बदलताय. देवनागरीचा फॉण्ट आणि आकार त्या स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स लिपीच्या वेगळ्या रकान्यात असतो.

भातखंडे लिपी मजकुरातच

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमाला बसणाऱ्या पोरांच्या पुस्तिकेत पाच रेषा क्वचित, भातखंडे लिपीतली सरगमच जास्त, म्हणजे सा रे ग म अशा अक्षरांत लिहिलेले स्वर. ती चित्र म्हणून घालू नका; ती अक्षरंच आहेत. अडचण फक्त चिन्हांची. कोमल स्वराखालची रेघ अंडरलाइनने दिली की ती वेलांटीसकट सगळ्यावर पसरते आणि मंद्राच्या, म्हणजे खालच्या सप्तकाच्या, टिंबावरून जाते. तीव्र मध्यमाची उभी रेघ तर बरेच जण हाताने काढतात.

देवनागरीच्या स्वतःच्या खात्यात यासाठी चिन्हं आहेत, वैदिक स्वरांसाठी ठेवलेली. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली बसते: रे॒ ग॒ ध॒ नि॒. उभी रेघ अक्षरावर बसते: म॑. मंद्राला नुक्ता: म़ प़ ध़. तारसप्तकाला अनुस्वार: सां रें गं. ही चिन्हं देवनागरी फॉण्टच बसवतो, त्यामुळे ती अक्षराला धरून राहतात, ओळ तुटली तरी सुटत नाहीत. क्रम पाळायचा: आधी अक्षर, मग नुक्ता, मग काना-मात्रा-वेलांटी, मग अनुस्वार, आणि वैदिक चिन्ह सगळ्यात शेवटी. उलटसुलट झालं तर टिंब भलतीकडे जातं. सगळ्या फॉण्टांत ही चिन्हं नीट नसतात. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉण्ट संस्कृत मजकूर समोर ठेवून केलेला आहे आणि त्यात वैदिक स्वरचिन्हंही आहेत, तो चालतो. एकदा चिन्हं घालून ऑटोकरेक्टमध्ये टाका, म्हणजे दर वेळी शोधावी लागत नाहीत.

जुनी पानं नव्या पुस्तकात घेताना मात्र सावध. पलुस्करांची लिपी आणि भातखंड्यांची लिपी यांत तीच चिन्हं वेगळं बोलतात. भातखंडे लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे तार, पलुस्कर लिपीत मंद्र. भातखंडे लिपीत डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तीव्र, पलुस्कर लिपीत तार. स्वराखालची आडवी रेघ इकडे कोमल, तिकडे एक मात्रा. कुरुंदवाड पलुस्करांचं, आपल्या सीमेला लागून. या भागातल्या जुन्या वह्यांत त्यांची लिपी सापडली तर नवल नाही. दोन्ही प्रकारची पानं एकाच पुस्तकात गेली तर पोरगं मंद्र धैवताच्या जागी तार धैवत लावून बसेल. सगळी पानं एका लिपीत आणा, मगच मांडणीला हात घाला.

मात्रा जुळवायला स्पेस वापरू नका, तक्ता करा. एक मात्रा एक रकाना, विभागाच्या जागी उभी रेघ, वर सम, टाळी आणि खालीच्या खुणा: ×, २, ०, ३. त्रितालाच्या सोळा मात्रा १०८ मि.मी.मध्ये म्हणजे रकान्याला पावणेसात मि.मी. एकेरी स्वराला पुरे, पण एका मात्रेत चार स्वरांची तान त्यात मावणार नाही. तानांसाठी आवर्तन आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत तोडा, खालीपाशी. एका मात्रेतल्या स्वरांखालचा कंस स्वरांच्याच ओळीत घातला तर कोमलच्या रेघेशी भांडतो, म्हणून त्याला खाली अर्ध्या उंचीची वेगळी ओळ द्या.

मजकूरच नोटेशनमध्ये घ्यावा का?

उलट प्रकारही चालतो, पण मजकूर कमी आणि संगीत जास्त असेल तरच. आपल्याकडे लग्नाच्या ब्रास बँडसाठी किंवा मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरातून निवृत्त झालेल्या वादकांच्या शिकवण्यांसाठी जे कागद लागतात, त्यांत दोन ओळी सूचना आणि पानभर संगीत असतं. तिथे म्यूजस्कोअरच्या टेक्स्ट फ्रेममध्ये सूचना लिहा, प्रत्येक पाठानंतर सेक्शन ब्रेक द्या म्हणजे मापांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतील आणि पुढच्या तालाची सूचना आधीच्या ओळीच्या टोकाला लटकणार नाही. क्लॅरिनेटचे पाठ असतील तर 'कॉन्सर्ट पिच'चं, म्हणजे स्वर ऐकू येतात तसेच दाखवणारं, बटण बंद आहे ना ते पाहा. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचे स्वर ऐकू येतात त्यापेक्षा एक टोन वर लिहितात, आणि चालू बटणाने छापलेला कागद पेटीबरोबर वाजवला की दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. तळटीपा, लांब परिच्छेद, अनुक्रमणिका हवी असेल तर मात्र ही वाट सोडा.

प्रेसला देताना

बऱ्याच प्रेसमध्ये अजून पेजमेकर चालतं. त्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड कळत नाही. त्यामुळे वर्डची फाइल देऊन "तुम्ही लावून घ्या" म्हणू नका. मजकूर, सरगम, उदाहरणं सगळी तुमच्याकडेच बसवा आणि फॉण्ट आत घातलेली पूर्ण पानांची पीडीएफ द्या.

देण्याआधी सगळ्यात गच्च पान, म्हणजे दोन लिप्यांचे शब्द, सरगमचा तक्ता आणि तळटीप असलेलं, 'अ‍ॅक्च्युअल साइज'ने छापून घ्या. 'फिट टू पेज' नको. ते न सांगता सगळं बदलतं. मग पट्टी घेऊन पाच रेषांची उंची मोजा. स्टाइलमध्ये पाच मि.मी. ठेवली असेल आणि पट्टीवर साडेचार भरली, तर अजून कुठेतरी कुणीतरी कोपरा ओढलेला आहे, किंवा प्रिंटरने पान आकसलंय. मजकुराच्या ओळीची रुंदीही मोजा: तीही त्याच प्रमाणात कमी असेल तर प्रिंटर, ती बरोबर १०८ असेल तर चित्र.